गळ्याचं हाड

दहनानंतर आमच्याकडे दोघं मिळून चॉपस्टिकनं एकेक हाड कलशात ठेवतात. शेवटचं, गळ्याचं हाड सर्वांत जवळच्यांनी उचलायचं. बाबांचं ते हाड उचलायला मी आणि आत्यानं काड्या घेतल्या, तोच बाबांच्या जुन्या रॉक जोडीतला गिटारवादक इसाओ आला. “वीस वर्षं तोंड लपवलंस, आता हाडं वेचायला आलास?” आत्या कडाडली. “ताई, हे हाड मला उचलू द्या.” “गायचा माझा भाऊ! तू नुसत्या तारा छेडायचास.” इसाओ माझ्याकडे वळला. “पोरी, प्रत्येक रेकॉर्डवर आवाज माझा. तो देखणा, म्हणून कंपनीनं माइक त्याला दिला. ते खोटं त्यालाच सोसेना, म्हणून जोडी मोडली.” आत्यानं मान खाली घातली. घरी बाबा कधीच गायले नव्हते. गळा जपतो, म्हणायचे. आत्याच्या काड्या मी इसाओला दिल्या. हाड उचलताना तो गुणगुणला. मला रेकॉर्डवरचे बाबा ऐकू आले.