तक्रारपेटीतलं तिसरं पत्र

मंगळवारी सकाळी तक्रारपेटीतून दोन दिवसांतलं तिसरं पत्र निघालं आणि पेटी उघडणाऱ्या मेहबूबचाचांनी कपाळाला हात लावला.

फुटबॉल क्लबचा नियम अध्यक्षांनी, म्हणजे शनिवार पेठेतल्या आप्पासाहेबांनी घालून दिलेला होता. निनावी तक्रार आली की फाडून टाकायची. दुसऱ्यांदा आली तरी फाडायची. पण तीच तक्रार तिसऱ्यांदा आली, तर सुनावणी घ्यायचीच. "तीन-तीनदा पत्र टाकण्याचा उत्साह माणसाला खऱ्या दुःखाशिवाय येत नाही," असं आप्पासाहेब म्हणत.

पत्र छापील होतं. 'रविवारी संध्याकाळी आयुषने हिंजवडीतल्या खेळाडूंच्या वसतिगृहाच्या फाटकावर रखवालदार पोपट यांच्या थोबाडीत मारली. डाव्या हाताने. त्याला सहा सामने बाहेर बसवावे.' खाली सही नाही.

त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. सामना हरून, वर दोन तास ट्रॅफिकमध्ये सडून संघ परतला होता. चाचा बसमधून किटच्या पिशव्या उतरवत होते. पोपटरावांनी नेहमीप्रमाणे वही पुढे केली, "सही करून जावा," म्हणाले, आणि आयुषचा हात उठला. चष्मा उडून पायरीवर पडला. चाचांनी ते पाहिलं, आणि त्यांच्या मागून उतरणाऱ्या सौरभनेही. बाकीचे अजून बसमध्येच होते.

चाचा बत्तीस वर्षं खेळाडूंचे बूट आणि जर्सी सांभाळत होते. पण असा डावा पाय त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. एकोणीस वर्षांचं पोर! चेंडू त्याच्या पायाशी आला की स्टँडमधला गलका आपोआप थांबायचा, आणि हातातली पाण्याची बाटली कुणाला द्यायची होती तेच चाचा विसरायचे. त्याचे बूट ते स्वतः पुसत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. अल्लाने एखाद्याला असं काही द्यावं आणि ते आपल्याला रोज चार हातांवरून बघायला मिळावं, या विचाराने त्यांना खरोखर भरून यायचं.

पुढच्या सोमवारी देशाच्या संघाचं शिबिर होतं. बेशिस्तीचा एक शेरा पडला असता, तर आयुषचं नाव कटलं असतं.

पत्र कुणाचं, हे चाचांना सांगायला नको होतं. सौरभ आयुषच्याच जागेवर खेळायचा, म्हणजे बहुतेक वेळ बाकावर बसायचा. चाचांनी त्याला किटरूममध्ये गाठलं.

"सहा सामने काय रे? मोजून सहा?"

"मी नाही लिहिलं, चाचा."

"मग काय मी लिहिलं?"

सौरभने आपले मोजे उचलले. "मीच लिहायला पाहिजे होतं," एवढं बोलून तो गेला.

चाचांना तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सौरभच्या वाट्याला विटलेली जर्सी आली.

मग चाचा फाटकावर गेले. पोपटरावांनी चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी लावली होती.

"मेहबूबभाई, मी कशाला काय बोलतोय? टीव्हीवर दिसतंय ते पोरगं. रोज माझ्या वहीत सही करतंय, हे मी गावभर सांगत असतो. आता असं हाय, हात उठतो कधी कधी."

चाचांच्या जिवात जीव आला. पोपटरावांच्या गालाकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं.

गुरुवारी दुपारी सुनावणी झाली. टेबलापलीकडे आप्पासाहेब. शेजारी, कर्मचाऱ्यांच्या वतीने, चाचा. समोर आयुष आणि पोपटराव.

"पोपटराव, आपल्याला याने मारलं का?"

"न्हाई साहेब. चष्मा घसरला."

"तीन पत्रं यावीत, इतका घसरला?"

पोपटराव चष्म्याची काडी चाचपू लागले. ते आता खरं बोलून जातात की काय, या धास्तीने चाचा उठलेच. "मी होतो तिथे, आप्पासाहेब. माझ्या हातातल्या पिशवीचा धक्का लागला त्यांना."

बत्तीस वर्षांत या ऑफिसात ते पहिल्यांदाच खोटं बोलले होते. पण वाईट वाटत नव्हतं. त्या पायासाठी त्यांनी याहून मोठं खोटंही पचवलं असतं.

आयुष उभा राहिला. "सर, मला एक..."

"तू बस," म्हणत चाचांनी पुढे जाऊन त्याचा खांदा दाबला. पोर घाबरलंय, त्यांना वाटलं, आणि त्यांचा जीव कळवळला.

आप्पासाहेबांनी चष्म्यावरून चाचांकडे बराच वेळ पाहिलं. "आपण म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला." त्यांनी पत्राचे दोन तुकडे केले. "बत्तीस वर्षं पिशव्या उचलताय, जरा जपून उचलत जा."

आयुषला घेऊन किटरूममध्ये परतताना चाचांची पावलं हलकी पडत होती. त्यांनी कपाटातून आयुषचे बूट काढले, नवी लेस ओवली आणि त्याच्यासमोर ठेवले.

"आता फक्त खेळ बेटा. त्या पत्रवाल्याकडे मी बघतो. पुन्हा पेटीजवळ फिरकला, तर तंगडी मोडीन त्याची."

आयुषने बुटांना हात लावला नाही. बाकड्यावर तो खाली मान घालून बसला होता.

"कोचना सांगितलं, तर ते हसले," तो म्हणाला. "पोपटकाकांच्या पाया पडलो, तर त्यांनी सेल्फी मागितला." मग त्याने मान वर केली. "चाचा, आता पुन्हा पहिल्यापासून तीन पत्रं टाकावी लागतील का मला?"