व्हिडिओत ऐकू न आलेलं

"नावावरून तर ख्रिश्चन वाटत नाही," डॉक्टर केयूर म्हणाले.

"मुद्दाम ठेवतात अशी नावं," प्रीतम म्हणाला.

"आजोबांनी ठेवलंय," अनुपमा म्हणाली. "अनुपमा. त्यात मुद्दाम काय?"

मेट्रन शर्मिष्ठा मॅडमनी टेबलाखालून तिचा पाय दाबला. म्हणजे, गप्प बस.

डॉक्टरांच्या केबिनमधल्या त्या टेबलावर प्रीतमचा मोबाइल. व्हिडिओ पुन्हा सुरू झाला. वरच्या मजल्यावरचा जनरल वॉर्ड. खिडकीजवळची खाट. खाटेवर द्रौपदी आजी. आजींनी नर्सचा हात धरलाय. नर्स वाकते. तिचं तोंड आजींच्या कानाशी. ओठ हलतात. डोळे मिटतात.

आवाज नाही. म्हणजे आहे, पण तो शेजारच्या खाटेवरच्या प्रीतमच्या वडिलांच्या नेब्युलायझरचा. नुसती घरघर.

तेवढ्यावर भागलं होतं. सकाळपासून व्हिडिओ घाटकोपरभर फिरत होता. 'आजारी म्हातारीचं धर्मांतर' असं वर लिहिलेलं. नर्सिंग होमच्या गेटपाशी माणसं जमली होती. ती ओरडत नव्हती. नुसती वर बघत होती.

"सिस्टर, मी सरळ सांगतो," डॉक्टर म्हणाले. "पेशंटपाशी प्रार्थना केली असेल, तर आजपासून येऊ नका. हे लोक पोलिसांत जातील, ते तुमचं तुम्ही बघा. मला हॉस्पिटल चालवायचंय."

"ताप बघत होती ती," शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या. "हो ना गं?"

"कानात ताप बघतात?" प्रीतम म्हणाला.

अनुपमाला सुयोग आठवला. तिचा नवरा. वाकोल्याला त्यांच्या घरी दर शुक्रवारी येशूची भक्ती असते. असायची. गेल्या महिन्यात शेजारच्या गल्लीतून पाळकांना चौकीवर नेलं, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. तेव्हापासून दार लावून, पंखा फुल करून भक्ती. पंख्याच्या आवाजात गाणी. काही जण आता येतच नाहीत. आज निघताना सुयोग म्हणाला होता, "ड्युटीवर डोळे उघडे ठेव गं. डबा खातानासुद्धा."

आणि आई. नगरकडे मिशनच्या दवाखान्यात आया होती. औषधांची खिडकी उघडण्याआधी आई मोठ्याने प्रार्थना करायची. रांगेतले लोक खोकला दाबून उभे राहायचे. कोणी विचारलं नाही, कोणाच्या देवाशी बोलतेस. कोणी...

"सिस्टर. उत्तर द्या."

आज सकाळी आजींनी हात धरला होता. अकराला खुब्याचं ऑपरेशन. हृदय नाजूक. मुलगा गावाहून निघालेला, अजून पनवेललाही पोचला नव्हता. आजी म्हणाल्या होत्या, "तू डबो खाताना डोळे मिटतंस. माका दिसता. माझो वेतोबा रवलो गावाक. तुझो देव हयसर आसा मां? मगे तेका सांग जरा. माका भ्या वाटता गो."

म्हणून ती वाकली होती.

"नाही," अनुपमा म्हणाली. "प्रार्थना केली नाही."

शर्मिष्ठा मॅडमनी श्वास सोडला.

"मग कानात काय बोलत होतात?" प्रीतमने विचारलं.

"आजी म्हणाल्या, प्रार्थना कर. मी म्हटलं, आजी, इथे नाही चालत."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि डोळे?"

"लाज वाटली."

प्रीतमने मोबाइल उलटा ठेवला. त्याला हे खोटं वाटलं नाही. ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"झालं तर मग," डॉक्टर म्हणाले. ते पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकले. "मी खाली जाऊन बोलतो. प्रीतमभाई, तुम्ही पण चला. सिस्टर, तुम्ही बसा, पाणी प्या."

वाचली होती. खरं बोलून वाचली होती. तिला हलकं वाटायला हवं होतं. देवबापा, तिने मनात म्हटलं, आणि पुढे शब्द येईनात. त्यानेही हेच विचारलं तर? एका म्हातारीने माझ्याकडे यायची वाट तुला विचारली, तू काय केलंस? तिथे हेच उत्तर द्यायचं. नाही केली. इथे त्याच उत्तराने नोकरी वाचत होती.

बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली. आजींना ऑपरेशनला नेत होते. कोणीतरी लिफ्टची घंटी दाबली. लिफ्ट अजून आली नसावी, चाकं थांबली.

अनुपमा उठली. खुर्ची मागे सारली.

"कुठे निघालीस?" शर्मिष्ठा मॅडम म्हणाल्या.

तिने केबिनचं दार उघडलं, सताड. समोर लिफ्टपाशी आजींचं स्ट्रेचर. कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली. प्रीतमने मोबाइल उचलला.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. "खाली सांगण्याआधी शेवटचं विचारतो. प्रार्थना केलेली नाही, बरोबर?"

"अजून नाही," अनुपमा म्हणाली.