फाटक

मीटरगेजचे रूळ उचलून नेल्यावर उरलेल्या भरावावर यंदा शर्यत ठेवली होती. आधी सायकलवाले गेले, मग पळणारे. सगळ्यांच्या मागे राहिल्या त्या वाटूरच्या शाळेतल्या प्रभावतीबाई. दोन्ही बाजूंना धुक्यात बुडालेली ज्वारी. आपण पळतोय की तरंगतोय, तेच त्यांना उमगत नव्हतं. पाय मात्र भरून आले होते. पुढच्या फाटकाशी थांबायचं आणि सडकेनं सरळ घर गाठायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

फाटकही रुळांबरोबरच गेलं होतं. पण तिथले जुने गेटमन, म्हातारे पुंजाराम, सडकेवर आडवी दोरी ताणून उभे होते. दोरीपलीकडे दोन बैलगाड्या आणि एक जीप खोळंबली होती.

"आवो बाबा, सोडा की दोरी! समदे गेले," जीपवाला ओरडला.

"गाडी अजून जाऊन राह्यली," पुंजाराम म्हणाले.

प्रभावतीबाई ओशाळल्या. "बाबा, जाऊ द्या त्यांना. मी थांबतेच आता इथं."

"असं कसं थांबता, बाई? शेवटचा डबा गेल्याबिगर म्या कधी फाटक उघडलं न्हाई." आणि त्यांनी काखेतला विटका हिरवा झेंडा उलगडून धरला.

प्रभावतीबाई झेंड्यासमोरून पळत निघाल्या. बऱ्याच वेळानं मागे दोरी सुटली, बैलांच्या घुंगरमाळा वाजल्या. मग वर्गात शिट्टी मारणाऱ्याला बाकावर उभं करणाऱ्या प्रभावतीबाईंनी धुक्यात एक लांबलचक शिट्टी दिली.