पाचवे शटल

मनोरमाबाईंचे जर्मन शिवणयंत्र खालचा दोरा फिरवणारे शटल झिजल्यामुळे वर्षभर बंद होते. सातिवलीच्या लेथवर घडवलेले शटल बसले नाही. संगणकावरील लिलावात अस्सल शटल चारदा आले. त्यांचे पती, निवृत्त अभियंता दिनानाथरावांनी दरवेळी घड्याळ बघून शेवटच्या दहा सेकंदांत बोली लावली, तरी कुणीतरी चढ्या बोलीने नेले. आजचा पाचवा लिलाव अकराला संपणार होता. संगणकाचे घड्याळ त्यांनी भिंतीवरील घड्याळाशी सेकंदापर्यंत जुळवले होते. "पंधरा, चौदा..." ते मोजू लागले. "अहो, घाई कसली? पाच मिनिटं आहेत!" मनोरमाबाई म्हणाल्या. "तुमची आठ-सोळाची लोकल चुकू नये म्हणून भिंतीवरचं घड्याळ मीच पाच मिनिटं पुढे केलेलं. तीस वर्षं कळलं नाही, म्हणे इंजिनिअर!" दिनानाथरावांनी हात मागे घेतला. भिंतीवर अकरा वाजून चार मिनिटे पन्नास सेकंद होताच त्यांनी बोली लावली. पडद्यावर त्यांचेच नाव राहिले. मनोरमाबाईंनी शिवणयंत्राचे झाकण काढले.