नाव न घेता

नवरा तुरुंगात आहे, हे मी फक्त लेकीच्या वर्गशिक्षिकेला सांगितलं. लेक समजते, बाबा जहाजावर नोकरीला आहेत. बाईंनी माझा हात हातात घेतला. "ताई, अगदी निर्धास्त राहा. या कानाचं त्या कानाला कळायचं नाही." त्या रात्री कित्येक दिवसांनी मला शांत झोप लागली.

परवा पालकसभेचा विषय होता, 'प्रत्येक घर वेगळं, प्रत्येक घर आपलं'. मुलं बाहेर मैदानावर खेळत होती आणि आत बाई अगदी रंगात आल्या होत्या.

"माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील तुरुंगात आहेत. तिला बिचारीला पत्ताच नाही. अशा घरांनाही आपण सांभाळून घ्यायला हवं. नाव मात्र मी मेले तरी घेणार नाही हं! हे बघा तिनं काढलेलं चित्र."

पडद्यावर निळं जहाज आलं. त्यावर हात हलवणारा एक माणूस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, नाहीतर लगेच ओळखलं असतं लोकांनी.

तेवढ्यात मुलांना आत सोडलं.



"आई, ते बघ!" माझी लेक दारातूनच ओरडली. "माझ्या बाबांचं जहाज!"