आई उभी होती की बसलेली

खोलीत तीन खुर्च्या होत्या, एक टेबल, पाण्याच्या दोन बाटल्या आणि कागदी रुमालांचा एक डबा. नायिगाने रुमाल मोजले. एकवीस. भिंतीवरचं घड्याळ काढून तिने कपाटात ठेवलं आणि पक्षकाराची खुर्ची दाराकडे तोंड करून फिरवली. पळून आलेल्या माणसाच्या पाठीमागे दार असलं की त्याचं अर्धं लक्ष मागेच राहतं, हे तिला सहा महिन्यांत कळलं होतं.

रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती कंपालातल्या या मोफत कायदा सल्ला कार्यालयात लागली होती. आश्रय मागणाऱ्यांची सरकारी मुलाखतीआधी तयारी करून घ्यायची, हे तिचं काम.

आजच्या पक्षकार दोघी बहिणी होत्या, सरोवरापलीकडच्या देशातल्या इतुरी प्रांतातून आलेल्या. थोरली लोत्सोवे, धाकटी मावे. तीन वर्षांपूर्वी गाव जळलं तेव्हा एक बावीसची होती, दुसरी सोळाची. नायिगाने मागच्या आठवड्यात दोघींना वेगवेगळं बसवून एक्केचाळीस प्रश्न विचारले होते. तीन ठिकाणी उत्तरं जुळली नव्हती.

"एक चुकलं तर अधिकारी सोडून देतो," वकील सेकिट्टो दारातून म्हणाले. "दोनांवर चष्मा काढतो. तीन झाली की फाइल मिटतो. मग या दोघींची रवानगी परत पलीकडे."

"मग सर, एकमत करा म्हणून सांगू?"

"नाव काढू नकोस. पढवलेलं बोलणं त्याला लगेच कळतं. फरक कुठे आहे तेवढं दाखव. खरं कोणतं, ते आपण ठरवायचं नाही. आणि गुरुवारच्या मुलाखतीपर्यंत दोघींनी या विषयावर आपसात बोलायचं नाही."

हा नियम पाळायला सोपा होता. आईवरून भांडण झाल्यापासून दोघी एका खोलीत राहूनही बोलत नव्हत्या.

लोत्सोवे आधी आली. ती बाजारात बायकांच्या वेण्या घालायची. बोटांना अजून तेल होतं.

"बोल, काय म्हणाली आमची विदुषी?"

नायिगाने कागद पुढे केला. "सरोवरापर्यंत तुम्ही सहा दिवस चाललात म्हणता. मावे म्हणते सात."

"तिला काल काय जेवलो ते आठवत नाही. पुढे?"

"नाव तुमच्या मते निळी होती. तिच्या मते हिरवी."

"ती पूर्ण वेळ माझ्या मांडीत तोंड खुपसून ओकत होती. तिला रंग कुठून दिसला?"

"आणि तुमची आई. शेवटची पाहिली तेव्हा चुलीपाशी बसलेली होती, असं तुम्ही सांगितलंत. मावे म्हणते, दारात उभी होती. एक हात चौकटीवर."

लोत्सोवेने बोटांचं तेल कपड्याला पुसलं.

"कुठला हात?"

"उजवा."

"स्वप्नात पाहिलं असेल," लोत्सोवे म्हणाली. "आई बसली होती. पाय दुखायचे तिचे. मी काही बदलणार नाही. लिहून घे, हवं तर सही करते."

नायिगाने लिहून घेतलं. लोत्सोवेने खरंच सही केली.

दुपारी मावे आली. तिने तिन्ही ओळी दोनदा वाचल्या.

"ताई बदलणार नाही ना?"

"ते मी सांगू शकत नाही."

"म्हणजे नाही बदलणार. मला माहीत आहे तिला. बैल हलेल एक वेळ." मावे हसली आणि लगेच गंभीर झाली. "मग मीच बदलते. सहा दिवस, निळी नाव, आई बसलेली."

"असं करू नकोस. तुला जे आठवतं तेच सांग. आठवत नसेल तर आठवत नाही म्हण."

"ताई मोठी होती तेव्हा. तिचंच बरोबर असेल. नाही का?"

नायिगाने विचार केला. बावीस वर्षांची साक्षीदार आणि सोळा वर्षांची साक्षीदार. तिने मान डोलावली नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

"तिला सांगू नका हं," मावे उठताना म्हणाली. "आयुष्यभर टोमणे मारेल."

"इथलं इथेच राहतं."

गुरुवारी दोघींना एकाच वेळी, दोन वेगळ्या खोल्यांत बोलावलं गेलं. नायिगा मावेबरोबर बसली, सेकिट्टो लोत्सोवेबरोबर. अधिकाऱ्याने मावेला नऊच प्रश्न विचारले. तिने सहा दिवस सांगितले. नाव निळी सांगितली. आईच्या प्रश्नाला ती थांबली.

"चुलीपाशी बसली होती."

"नक्की?"

"नक्की."

नायिगाने कागदावर नऊही उत्तरं टिपली आणि ती व्हरांड्यात आली. खाली पायरीवर लोत्सोवे मावेच्या मागे बसून तिची सुटलेली वेणी पुन्हा घालत होती. मावे डोळे मिटून होती. दोघी काहीच बोलत नव्हत्या, पण कित्येक दिवसांत त्या इतक्या जवळ बसलेल्या नायिगाने पाहिल्या नव्हत्या.

सेकिट्टो बाहेर आले.

"मावे कशी बोलली?"

"छान. तुमची?"

"एकदाही अडखळली नाही. तिला तेच नऊ प्रश्न होते." त्यांनी आपला कागद दिला. "लावून बघ."

नायिगाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि लोत्सोवेची उत्तरं वरून खाली वाचली. सात दिवस. हिरवी नाव. आई दारात उभी होती.

तिने तळाशी लिहिलं: प्रश्न नऊ. जुळलेली उत्तरं सहा. तफावती तीन.