काळी पाच

"बाबा, आउटला आउट लावलंय तुम्ही! तुम्ही?"

ओंकारला खरंच नवल वाटलं. जन्मभर कारखान्यात वायरिंग केलेल्या माणसाने वायर चुकीच्या भोकात घालावी? हेमंतराव कीबोर्डमागे वाकले होते, ते तसेच राहिले. चूक झाली नव्हती. केली होती.

"म्हातारा झालो रे."

वायर निघाली. कीबोर्डच्या आउटमधून ओंकारच्या मशीनच्या इनमध्ये गेली. मशीन जेवणाच्या डब्याएवढं. कॉम्प्युटर लागत नाही. ठेका, साथ, रेकॉर्डिंग, सगळं त्याच्याच पोटात. ओंकार त्याला ग्रूव्हबॉक्स म्हणतो. त्याची आई मंगला म्हणते टिफिन.

"हां, आता दाबा. कीबोर्ड तुमचा, आवाज माझ्या मशीनचा."

हेमंतरावांनी दाबलं.

आवाज नाही.

किती बरं वाटलं त्यांना!

"चॅनेल जुळत नसणार. कीबोर्ड एका चॅनेलवर बोलतोय, मशीन दुसऱ्यावर ऐकतंय. दो मिनिट रुका, आत्ता करतो."

दोन मिनिटं. तेवढ्यात पोराला सांगून टाकावं. सांगावं की—

की तुझी आई काळी पाचमध्ये गात नाही.

इंद्रपुरीच्या गणपती मंडपात ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिने काळी पाच मागितली होती. नवी नवरी, आणि एवढी उंच पट्टी! मंडळातल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग वरचा सा असा लागला की शिफ्ट सुटून घरी निघालेली माणसं सायकली धरून रस्त्यातच उभी राहिली. हेमंतरावांच्या कानात तो सा अजून आहे. मंडप गेला, सायकली गेल्या, अर्धी माणसं गेली.

पुढे एका गणपतीत तो सा लागेना. तालमीतच त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी काही न बोलता कीबोर्डचं एक बटण दाबलं. बोटं काळी पाचवरच, सूर मात्र अर्ध्या सुराने खाली. मंगला गाताना शेजारी उभी राहून त्यांची बोटं बघते, हे त्यांना ठाऊक होतं. काही वर्षांनी पुन्हा एकदा दाबलं. मग पुन्हा, आणि पुन्हा. आकडा दिसू नये म्हणून डिस्प्लेवर काळा टेप चिकटवला, खराब झालाय म्हणाले. आज ते काळी पाच दाबतात तेव्हा काळी तीन वाजते. आणि मंगला शेजारणींना सांगते, आवाज उतरला असेल बायांनो, पट्टी नाही उतरली माझी!

ओंकारलाही फोनवर तिनेच सांगितलं. काळी पाच, लिहून घे. त्याने पुण्याहून सगळा ट्रॅक काळी पाचमध्ये बांधून आणला. आज त्यावर बाबांची बोटं, आईचा आवाज रेकॉर्ड व्हायचा. संध्याकाळची परतीची गाडी.

बटण शून्यावर आणलं तर ट्रॅक जुळेल, पण गाताना तिचा गळा फाटेल. पोरासमोर. नाही आणलं तर मशीन सगळं सांगून टाकेल. काय करावं? बटण की—

"झालं! आई, ये गं, कनेक्ट झालं!"

पदराला हात पुसत मंगला आली. "बोलला का एकदाचा तुझा टिफिन?"

ओंकारने ट्रॅक चालू केला. खाली तंबोऱ्यासारखा भरून राहिलेला सा, वर ठेका. हेमंतरावांनी काळी पाच दाबली. पहिला सूर त्यात चक्क गोड लागला. निभावलं, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्यांनी ओळ पुढे नेली आणि सगळंच विस्कटलं. दोन गाणी एकाच खोलीत भांडायला लागली.

ओंकारने मशीनच्या स्क्रीनवर बघितलं. मग बाबांच्या बोटांकडे.

"बाबा, तुम्ही दाबताय काळी पाच. इकडे येतेय काळी तीन. कीबोर्डमध्ये काहीतरी सेटिंग..." त्याने टेपचं टोक नखाने उचललं.

हेमंतरावांनी त्याचा हात धरला.

घट्ट. ओंकारने वर बघितलं. बाबा कधी कोणाकडे असं बघत नसत. त्याने टेपवरून बोट काढलं.

ट्रॅक चालूच होता.

"मशीन चुकतंय तुझं," मंगला म्हणाली.

"आई, मशीन कसं चुकेल?"

"चढं लागतंय ते. ह्यांची काळी पाच बरोबर आहे. तुझं खाली आण."

"खाली म्हणजे..."

"ह्यांच्यापर्यंत."

ओंकारने नॉब फिरवला. एक. दोन. तीन. चार. ठेका तसाच राहिला, बाकी सगळा ट्रॅक पायऱ्या उतरल्यासारखा खाली आला आणि हेमंतरावांच्या बोटांखाली जाऊन बसला. त्यांनी तीच ओळ पुन्हा वाजवली. या वेळी जुळली.

मान वर करायचा त्यांना धीर होईना. पट्ट्यांकडे बघतच त्यांनी विचारलं, "आली का गं तुझी काळी पाच?"

मंगलाने खुर्ची ओढली आणि त्यांच्याशेजारी बसली. गाताना ती कधी बसत नसे. डोळे मिटून तिने हलकेच सा लावला, वर जाऊन बघितलं, अर्ध्यातून परत आली.

"अहो, अजून एक खाली घ्या," ती म्हणाली. "दोन गणपती झाले, वाट बघतेय मी."